चौऱ्याहत्तरच्या आत

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या गल्लीच्या तोंडावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. धाराशिवच्या या टोकाला मी घर बांधलं तेव्हा रस्ता शांत होता. आता हंगाम सुरू झाला की दिवसभर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी आणि रस्त्याच्या कडेला सांडलेली उसाची कांडकी. परवा त्यातलं एक मीही उचललं. घरी आणून धुतलं, सोललं, चावलं. रस आला. ऊस आहे हे कळलं. गोड आहे का, ते मात्र कळलं नाही.

हे दुखणं जुनंच आहे. लग्नानंतर बायको रोज विचारायची, भाजीत मीठ बरोबर आहे का. मी रोज सांगायचो, अगदी बरोबर आहे. एके दिवशी ती मीठ घालायलाच विसरली आणि मी त्या दिवशीही तेच सांगितलं. तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारून पाहिली आणि जीभ ठणठणीत आहे म्हणाले. असेल. मला भूकही लागत नाही आणि तहानही लागत नाही. वेळ झाली की जेवतो, वेळ झाली की पाणी पितो. शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीच्या घंटेला पाणी प्यायचो. मी खेळाचा मास्तर, त्यामुळे लोकांना वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

हे सगळं एका हंगामापासूनचं आहे. तो हंगाम दर वर्षी या ट्रॅक्टरांच्या मागून येतो, दारात थोडा वेळ थांबतो आणि जातो. आला म्हणून मला वाईट वाटत नाही. गेला म्हणून बरंही वाटत नाही.

आमच्या भागात तेव्हा कारखान्याचं धुराडं आणि कुस्तीचं मैदान एकदमच पेटायचं. दिवाळी झाली की गळीत सुरू, आणि दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रा सुरू, त्या थेट चैत्रापर्यंत. वाऱ्याला मळीचा आंबूस वास असायचा आणि त्याच वाऱ्यावर कुठून तरी हलगीचा आवाज यायचा. आमच्या अंगाला त्या दिवसांत तेल, माती आणि घाम यांचा मिळून एक वास यायचा. माय म्हणायची, तू घरात आलास की न बघता कळतंय. मला अजून तो वास येतो. नाकाचं काही बिघडलेलं नाही.

गौतम आणि मी एका वयाचे. आमचं गाव भूमच्या अंगाला, कोरड्या माळावरचं. गौतम गावच्या बौद्धवस्तीतला. त्याचे आईवडील मजुरी करायचे. आमची थोडी जिरायत जमीन होती आणि दारात एक म्हैस होती. बहात्तरच्या दुष्काळात हा फरक फारसा उरला नव्हता, कारण तेव्हा सगळं गावच तलावाच्या कामावर होतं. मोठी माणसं खडी फोडायची, बायका पाट्या वाहायच्या, आणि आम्हा पोरांना सरकारी खाऊ म्हणून सुकडी मिळायची. घरात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी. ती घशाखाली ढकलावी लागायची, पण तेव्हा तिची चव कळायची. वाईट चव होती, पण होती.

त्या तलावाच्या कोरड्या गाळात आम्ही दोघं एकदा एकमेकांना भिडलो. कशावरून ते आठवत नाही, सुकडीवरूनच असणार. बाजूनं मातीची पाटी घेऊन चाललेला एक माणूस थांबला. त्यानं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून आमची झटापट संपेपर्यंत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तालमीत यायला सांगितलं. ते महबूब वस्ताद. जवानीत त्यांनी लांबलांबची मैदानं मारली होती, आणि आता पोटासाठी पाटी वाहत होते. गौतम तालमीत यायला लागल्यावर काही जणांनी कुजबूज केली. वस्तादांनी वाद घातला नाही. तालमीच्या कुलपाची किल्ली ते करदोट्याला बांधून फिरायचे. ज्याला पटत नाही त्याने दुसरं कुलूप शोधावं, एवढंच म्हणाले. कुणी शोधलं नाही.

मग आम्ही वजनं चढायला लागलो. शाळेच्या स्पर्धेत भूमला पहिल्यांदा उभे राहिलो ते अठ्ठेचाळीस किलोच्या गटात, दोघंही. पुढे बावन्न, सत्तावन्न, बासष्ट, अडुसष्ट. पोरं इयत्ता चढतात तसे आम्ही हे आकडे चढलो. बावन्नला आमचे आवाज फुटले. सत्तावन्नला मला पहिली मिशी आली आणि गौतमनं तिची महिनाभर टिंगल केली. बासष्टला त्याचा सदरा खांद्यावर उसवला आणि तो त्याच्या वडिलांचा सदरा घालायला लागला. अडुसष्टला तो वडिलांचाही उसवला. मी त्याच्या मागून मागून यायचो. त्याच्या मनगटाचं हाड माझ्या मनगटापेक्षा रुंद होतं. वस्ताद आमची मनगटं हातात धरून बघायचे आणि सोडून द्यायचे.

तालमीत आमचे दोन नेम होते. पहिला, एका तालमीतली पोरं मैदानात एकमेकांशी लढायची नाहीत. आत कितीही आपटा, पण लोकांसमोर भावाची पाठ मातीला लावायची नाही. दुसरा, अंग तोलायचं नाही. स्पर्धेच्या दिवशी काट्यावर उभं राहावंच लागायचं, तेवढंच. एरवी गावात काटे पुष्कळ होते, खव्याच्या भट्टीवर होता, धान्याच्या दुकानात होता. पण पैलवानानं काट्यावर चढलं की अंगाला नजर लागते, असं वस्तादांचं पक्कं मत. ते पाठीवर उचलून, दंड दाबून अंदाज सांगायचे, आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. आम्हालाही ते पटलेलं होतं. आजही मी दवाखान्यात वजनाचं यंत्र दिसलं की डोळे दुसरीकडे वळवतो.

आम्ही चौऱ्याहत्तरच्या गटात पोचलो त्या वर्षी पाऊस पुन्हा चुकला. बहात्तरएवढा नाही, पण विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला गेल्या. आमच्या भागातला सहकारी कारखाना तोवर दरवर्षी पैलवान पोसायचा. एका वजनगटाला दोन-दोन, तीन-तीन. त्यांना मानधन, खुराक, कारखान्याच्या नावाची बनियन, आणि चार-सहा वर्षं नाव राखलं की कायमची नोकरी. त्या वर्षी ऊसच वाळला. कारखान्यानं सांगून टाकलं, यंदा एका गटाला एकच पैलवान. दिवाळीनंतर, मोळी टाकून गळीत सुरू करण्याच्या आधी, निवड. जो ज्या गटात भरेल त्यानं त्याच गटात लढायचं, वरखाली नाही.

म्हणजे आमच्यातल्या एकानं चौऱ्याहत्तर ओलांडून वर ब्याऐंशीच्या गटात जायचं, आणि दुसऱ्यानं चौऱ्याहत्तरच्या आत राहायचं. तसं झालं तर दोघांनाही जागा मिळण्याची आशा. नाही झालं तर दोघं एकाच गटात, समोरासमोर, आणि एक जण घरी. आमच्याजवळ कुस्तीशिवाय दुसरं काही नव्हतं. माझं शिक्षण रखडलं होतं आणि गौतमचं सुटलं होतं.

वस्तादांच्या अंगणात बसून हे ठरलं. उन्हाळ्याचे दिवस होते, सकाळीच ऊन तापलेलं. वस्तादांनी आमच्या दोघांची मनगटं पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, "वर जायचं तर गौतमनं जावं. हड्डी त्याची हाय."

गौतम मातीत काडीनं रेघा ओढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हड्डीवर मास कशानं चढवू, वस्ताद? दत्ताच्या घरी म्हस हाय. त्याला जाऊ द्या वर. म्या हाय तितंच थांबतो. उपाशी ऱ्हायला काय लागतंय, ते तर येतंयच आमाला."

तो हसला. वस्ताद हसले नाहीत. मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा मान हलवली असेल. म्हशीवरून ठरलं ते असं ठरलं.

आमच्याकडे दूध भट्टीवर जायचं. भूमच्या अंगाला खव्याच्या भट्ट्या गावोगाव असतात. सकाळी किटली घेऊन बायका तिथं जमतात, मोठ्या कढईत दूध आटत असतं आणि उलथन्याचा खर्र खर्र आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. मायनं दुसऱ्या दिवसापासून भट्टीला दूध घालणं बंद केलं. घरचा चहा काळा झाला. सगळं दूध माझ्यासमोर यायला लागलं, सकाळी निरसं, दुपारी आटवलेलं, रात्री तूप घालून. म्हैस छावणीतला चारा खायची आणि मी म्हैस खात होतो म्हणायला हरकत नाही. माय तांब्या पुढं करायची आणि मी संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. ती स्वतः काय खायची ते मी पाहत नव्हतो. पाहिलं असतं तर घोट उतरला नसता, म्हणून पाहत नव्हतो असं मला आता वाटतं. तेव्हा तेवढाही विचार केला नसेल.

पहिले काही आठवडे बरं गेलं. मग दुधाचा वास आला की घसा आवळायला लागला. मी नाक दाबून प्यायला लागलो. मग नाक दाबायचीही गरज उरली नाही. एका सकाळी बदामाची थंडाई प्यालो आणि ती थंडाई होती हे मला भांड्याच्या तळाला उरलेल्या चोथ्यावरून समजलं. मला गंमत वाटली. मी गौतमला तसं सांगितलंही. जीभ झोपली म्हणालो. तो म्हणाला, माझी जागीच हाय, दे तुझी थंडाई मला. तो त्या दिवसांत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचा, अर्धी भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर. संध्याकाळी येऊन माझ्याशी जोर करायचा. मला वाटायचं, हा उपाशी आहे, आता हलका होईल. पण त्याचे खांदे रुंदच होत होते. खडी फोडून होतात. मी जेवढं खायचो तेवढं कुठं जायचं कोण जाणे. माझं अंग ते घ्यायलाच तयार नव्हतं.

हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. कुणी एकानं म्हणायला हवं होतं की बाबांनो, काट्यावर उभे राहा, मग आकडा बघून ठरवा. कोण म्हणणार? अंग तोलायचं नव्हतं. मायनं भट्टी बंद केली होती, तिला काय सांगणार? आणि गौतम माझ्यासाठी उपाशी होता. त्यालाही वाटत असणार, दत्ता आपल्यासाठी एवढं ढोसतोय. वस्ताद रोज दंड दाबायचे. त्यांचा हात आदल्यापेक्षा जरा जास्त वेळ थांबायचा, एवढंच मला आठवतं.

पुढचा पावसाळाही कोरडाच गेला, आणि दिवाळी झाली. निवडीच्या आदल्या दिवशी भूमचा बाजार होता. गौतम तिथून डोकं भादरून आला. केसांचं वजन तेवढं कमी, असा त्याचा हिशेब. माय दारात होती. वडील हयात असताना पोरानं डोकं केलं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. गौतमनं टाळूवरून हात फिरवला आणि आमच्यात तसलं काही नसतं म्हणून तिची समजूत काढली. दुपारपासून त्यानं पाणी सोडलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो बोलताना ओठ आत घेऊन ओले करायचा प्रयत्न करत होता.

सकाळच्या एसटीत आम्ही तिघं बसलो, वस्ताद पुढच्या बाकावर, आम्ही मागे. मायनं टँकरच्या रांगेत उभं राहून भरलेली एक कळशी माझ्या मांडीवर दिली होती. मला आदल्या संध्याकाळी वस्तादांनी पाठीवर घेतलं होतं आणि थोडं कमी आहे म्हणाले होते. त्या थोड्यासाठी पाणी. मी फुलपात्र बुडवायचो आणि प्यायचो, बुडवायचो आणि प्यायचो. शेजारी गौतम अंगावर घोंगडं गुंडाळून घाम काढत बसला होता. गाडीतली माणसं वळून बघायची. एक पैलवान पाणी पिऊन पिऊन बेजार, दुसरा पाण्याकडे बघतही नाही. बाहेर करपलेला माळ सरकत होता. खड्ड्यात गाडी उडाली की कळशीतलं पाणी सांडायचं, आणि त्या सांडलेल्या पाण्याकडे सगळ्या गाडीचं लक्ष जायचं. मला पोट फुगलेलं कळत होतं. पाणी गार आहे की कोमट ते कळत नव्हतं. गौतमनं एकदा कळशीच्या ओल्या कडेला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला पुसलं. ओठांना लावलं नाही.

कारखान्याच्या साखर गोदामात पोती तोलायचा काटा होता. त्यावर आम्ही लंगोटावर उभं राहायचं. गोदामाचा कारकून आकडा मोठ्यानं बोलायचा आणि पंच गट सांगायचे. माझं नाव आधी आलं. मी श्वास धरून चढलो, जणू श्वासालाही वजन असतं. चौऱ्याहत्तरच्या वर, अगदी थोडा, पण वर. गट ब्याऐंशी. वस्तादांनी डोळे मिटून घेतले. मी उतरलो, बाहेर गेलो आणि गोदामाच्या मागच्या भिंतीशी उभा राहिलो. ती सगळी कळशी माझ्यातून निघून गेली. भिंतीशी उभं असतानाच मी पुन्हा चौऱ्याहत्तरच्या आत आलो असणार. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नाही.

आत आलो तेव्हा गौतम काट्यावर होता. त्याचं भादरलेलं डोकं घामानं चमकत होतं. कारकून आकडा बोलला. पुन्हा बोलला, कारण वस्तादांनी त्याला पुन्हा बघायला लावलं. चौऱ्याहत्तरच्या वर. माझ्याहून वर. एवढं उपाशी राहून, केस देऊन, पाणी सोडून तो माझ्याहून वर होता. गट ब्याऐंशी.

वस्तादांनी हात जोडले. दत्ताला पुन्हा एकदा उभं करा म्हणाले, आत्ताच्या आत्ता, तो खाली भरेल. कारकून वाईट माणूस नव्हता. पण रांगेत दहा गावचे पैलवान होते आणि प्रत्येकाला पुन्हा एकदा उभं राहायचं होतं. पंच म्हणाले, काटा एकदाच. गौतम काट्यावरून उतरला आणि सरळ बाहेर नळावर गेला. गावात टँकर, आणि इथं कारखान्यात नळ धो धो वाहत होता. त्यानं नळाला तोंड लावलं. तो पाणी पीत होता आणि त्याचा गळा वर-खाली होत होता, ते मी बराच वेळ बघत उभा राहिलो.

कुस्त्या दुसऱ्या दिवशी सकाळी होत्या. मुक्काम कारखान्याच्या शाळेत. मायनं माझ्यासाठी डब्यात डिंकाचे लाडू, खवा आणि तुपातल्या दशम्या दिल्या होत्या. मी डबा उघडला आणि गौतमपुढं सरकवला. तो नको म्हणाला नाही. त्यानं पहिला लाडू हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग खाल्ला. मग दुसरा. मग खवा बोटानं. किती महिन्यांनी तो खात होता. खाताना त्याचे डोळे मिटत होते. मधेच थांबून म्हणाला, "लई गोड केलेत रे मामींनी." मी म्हणालो, व्हय. मला त्या लाडवांची चव त्याच्या तोंडावरून कळली. त्या सगळ्या हंगामात मला काही कळलं असेल तर तेवढंच.

मैदानातली माती ओली होती. आमच्या तालमीत दोन वर्षं ताक नव्हतं, पाणी नव्हतं, हौदाची माती दगडासारखी. इथं त्यांनी ताक, हळद, तेल, सगळं घालून मऊ केलेली. पाय ठेवल्याबरोबर गारवा वर चढला. आमची नावं पुकारली तेव्हा लोकांत गलबला झाला, कारण दोघांच्या नावापुढं एकच गाव होतं. वस्ताद मैदानाच्या कडेला बसले होते. आम्ही सलामी दिली तशी त्यांनी उठून तोंड फिरवलं आणि मैदानाकडे पाठ करून पुन्हा बसले.

कुस्ती फार वेळ चालली नाही. गौतमनं माझी मान धरली आणि मला कळलं, हा आता ढाक मारणार. सात-आठ वर्षं आम्ही रोज एकमेकांचे डाव झेलत होतो, त्याचा तोल कुठल्या पायावर जातो ते मला ठाऊक होतं. मी तिथं हात घातलाही. पण हातात जोर नव्हता, किंवा जोर लावावा असं काही आत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून गेलो आणि खाली आलो. वर धुराडं दिसलं. पाठीला गार माती लागली. मला एवढंच वाटलं की इथं किती पाणी ओतलंय यांनी.

हलगी वाजत होती. गौतम माझ्यावर वाकला. त्यानं माझ्या खांद्याखाली हात घातला.

"लागलं का रे?"

"न्हाय."

खोटं नव्हतं ते. खरंच काही लागलं नव्हतं.

जिंकलेल्यानं मैदानाला फेरी मारायची असते. तो मारत नव्हता. आम्ही दोघं चालत वस्तादांकडे गेलो. ते अजून पाठ करूनच बसलेले. त्यांनी न वळता विचारलं, कोण पडलं. गौतम अंगावरची माती झाडायला लागला. मी म्हणालो, "म्या, वस्ताद." त्यांनी मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गाडी चुकेल म्हणाले.

गौतम पुढची कुस्तीही मारून ब्याऐंशीच्या जागेवर बसला. चौऱ्याहत्तरच्या गटात त्या दिवशी जे दोन-तीन जण भरले होते, त्यांतला एकही पंचांच्या मनात भरला नाही. जागा कोणालाच दिली नाही. हे मला नंतर कळलं, कुणीतरी बाजारात सहज बोलताना सांगितलं. त्या पूर्ण हंगामात कारखान्याच्या चौऱ्याहत्तरच्या गटाची जागा रिकामी राहिली. जिच्यात मी एका सकाळी नुसतं न पिता, न खाता उभा राहिलो असतो, ती. मी ते ऐकलं, भाजी घेतली आणि घरी आलो.

त्या दिवशी कुस्ती हरून आलो तेव्हा माय चुलीपुढं होती. बोलायची गरज नव्हती, मी दारातूनच तिला कळायचो. तिनं तांब्यात ओतलेलं दूध परत पातेल्यात ओतलं आणि म्हणाली, "उद्यापासून दूध भट्टीला घालते." नंतर तिनं त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची किटली घेऊन जाणारी पाठ मी पाहिली. पोलक्यातून खांद्याची हाडं दिसत होती. रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला पुढं कुठल्याच गोष्टीचं लवकर रडू आलं नाही. ती गेली तेव्हाही लोक म्हणाले, मास्तर खंबीर आहेत.

मी पुन्हा शिकायला लागलो आणि खेळाचा मास्तर झालो. गौतम वजनं चढत गेला. कारखान्याचा खुराक अंगी लागला आणि ब्याऐंशीतून तो नव्वदला गेला, नव्वदमधून शंभरला, आणि मग खुल्या गटात, जिथं वर आकडाच नसतो. मी मैदानाच्या कडेला बसून त्याच्या कुस्त्या बघायचो. तो चालत आला की जमीन जरा खाली जाते असं वाटायचं. एवढा माणूस त्या अर्ध्या भाकरीत कुठं दडवून ठेवला होता, असं मनात यायचं. हेवा वाटला नाही. अभिमानही वाटला नाही, खरं सांगायचं तर. तो पडू नये एवढं मात्र वाटायचं.

वस्ताद शेवटी अंथरुणावर होते तेव्हा मी गेलो होतो. त्यांनी सवयीनं माझं मनगट हातात धरलं. म्हणाले, "मला ठावं व्हतं रे, हड्डी कुणाची ते. पण म्हस तुझ्या घरी व्हती. म्या बी म्हशीचंच ऐकलं." मी म्हणालो, असू द्या वस्ताद. त्यांनी मनगट बराच वेळ सोडलं नाही.

गौतम दरवर्षी हंगामात एकदा येतो. कारखान्यातून निवृत्त झाला, पोरं कामाला लागली, आता तो गावी वस्तीत घर बांधून राहतो. साखरेचा आजार झालाय, म्हणून माझी बायको त्याला बिनसाखरेचा चहा देते. साखर कारखान्यात जन्म गेला आणि साखरच बंद झाली म्हणून तो स्वतःच हसतो. बायको त्यालाच विचारते, भाजीत मीठ कसं आहे, भाऊजी. घरात खरं सांगणारं तेवढं एकच माणूस येतं वर्षातून.

यंदा तो कालच येऊन गेला. मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. फाटकाशी एक माणूस वजनाचं यंत्र मांडून बसतो. गौतम त्याच्यापुढं थांबला आणि मला चढ म्हणाला. मी नको म्हणालो. त्यानं दंडाला धरलं. अजून त्या पकडीतून सुटणं माझ्यानं होत नाही. मला नजर लागण्याजोगं आता काय राहिलंय, असं म्हणून मी चढलो. श्वास धरला नाही. आकडा लाल लाल उमटला. एकाहत्तर आणि वर काही.

गौतम वाकून बघत होता. सरळ व्हायला त्याला जरा वेळ लागला.

"चौऱ्याहत्तरच्या आत हायेस की," तो म्हणाला. "जागा रिकामीच हाय अजून."

तो हसत होता, पण डोळे माझ्याकडे नव्हते, यंत्राकडे होते. मी उतरलो. भूमची गाडी लागली, तो चढला, खिडकीतून हात केला, गाडी फाटकातून वळली.  मग स्टँडवरच्या नळाशी गेलो, ओंजळ धरली आणि प्यालो. पाणी गार होतं. प्यायची वेळ झाली नव्हती. मला तहान लागली होती.